घरचा अंपायर आणि नियमांची माळ

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत क्रिकेटचे नियम कुठेही लिहून ठेवलेले नव्हते. ते सगळे बाबांच्या डोक्यात होते, आणि तिथून ते गरजेप्रमाणे बाहेर येत.

ए विंग आणि बी विंग समोरासमोर, मधे कंपाउंड. एका टोकाला पंप हाउस, दुसऱ्या टोकाला तुळशी वृंदावन, कडेला लावलेल्या स्कूटर आणि गाड्या. एवढ्याशा जागेत खरं क्रिकेट खेळणं शक्यच नाही, म्हणून आमचं क्रिकेट शेजाऱ्यांच्या मर्जीने घडत गेलं. चेंडू कंपाउंडच्या भिंतीबाहेर गेला तर आउट, कारण पलीकडच्या सोसायटीतले लोक चेंडू परत देत नाहीत. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात गेला तर आउट, आणि ज्याने मारला त्यानेच जाऊन माफी मागायची. तुळशीला लागला तर आउट. वाळत घातलेल्या कपड्यांना लागला तर रन नाही, पण कुरडयांना लागला तर आउट. आणि सगळ्यात भांडखोर नियम म्हणजे एक टप्पा, एक हात: एक टप्पा पडलेला चेंडू एका हाताने झेलला की फलंदाज आउट. या सगळ्याचा निवाडा करायला दरवर्षीच्या दोन विंगांच्या मॅचला बाबा अंपायर असत. पांढरी टोपी, लाल प्लास्टिकची खुर्ची, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोर कुरडया नसून कसोटी सामना आहे.

बाबा आयुष्यभर एका विमा कंपनीत क्लेम तपासत होते. लोकांच्या गाड्या कशा ठोकल्या गेल्या, हे ते खुर्चीत बसून, फोटो बघून सांगायचे. क्लेमवाल्याने पुढे केलेला चहासुद्धा त्यांनी कधी घेतला नाही, असं ते आम्हाला चहा पिताना नेहमी सांगत. त्यामुळे गेल्या वर्षीच्या मॅचनंतर जे घडलं ते त्यांना फार लागलं. शेवटच्या ओव्हरमध्ये त्यांनी ए विंगच्या एकाला रन आउट दिलं नाही आणि ए विंग जिंकली. आम्ही राहतो ए विंगमध्ये. बी विंगचे सेक्रेटरी हे सोसायटीतलं मोठं प्रस्थ, माइक नसला तरी माइकवर बोलल्यासारखं बोलणारे. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "घरचा अंपायर असल्यावर आम्ही जिंकणार कसे?"

झालं. त्या दिवाळीत बी विंगमधून आमच्याकडे फराळाचं ताट आलं नाही. आईने पाठवलेलं ताट रिकामं परत आलं, तेही स्वच्छ धुऊन. आमच्यात याचा अर्थ फार वाईट होतो. बाबांनी संध्याकाळी खाली बाकावर बसायला जाणं बंद केलं. कुणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचे. गुडघा घरात मात्र अजिबात दुखत नसे.

आणि यंदाची मॅच तर शेवटची होती. इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली, मॅच झाली की महिन्याभरात सगळ्यांनी भाड्याच्या घरांत पांगायचं. नव्या टॉवरमध्ये पार्किंगच्या वरच्या पोडियमवर कृत्रिम गवताचं टर्फ असणार, वेळ ठरवून बुकिंग करायचं, कुरडया नाहीत आणि तुळसही नाही. म्हणजे सोसायटीच्या आठवणीत बाबा पक्षपाती अंपायर म्हणूनच राहणार, आणि ते धुऊन काढायला त्यांना हा एकच रविवार मिळणार होता. ते तसं बोलले नाहीत. पण टोपी कपाटातून काढून ते दोनदा बघताना मला दिसले.

मग सोसायटीची सभा भरली. सेक्रेटरी म्हणाले की यंदा अंपायरच नको, आपल्याकडे एवढी कॉम्प्युटर शिकलेली मुलं आहेत, ॲप बनवा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गोरेगावच्या एका ऑफिसात जावास्क्रिप्टमध्ये ॲप लिहिते. नातेवाइकांना एवढंच ठाऊक आहे की मी कॉम्प्युटरमध्ये आहे, म्हणून ते मला बिघडलेले प्रिंटर दाखवतात. कुणीतरी शंका काढली की हीसुद्धा ए विंगचीच. त्यावर सेक्रेटरी उदारपणे म्हणाले, "ही असेल. मशिनला विंग नसते."

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं. मला अशी वाक्यं आवडतात. ती पुढे कधीतरी कामाला येतात.

घरी आल्यावर बाबा खुर्ची ओढून माझ्या लॅपटॉपशेजारी बसले आणि म्हणाले की नियम मी सांगतो, तू लिही. मला वाटलं, माणूस मोठ्या मनाचा आहे. दोन दिवसांत कळलं की तो गनिमी कावा होता. ते रोज एक नवा नियम आठवून यायचे. मी गोरेगाव-मुलुंड लिंक रोडवर बसमध्ये तासभर उभी राहून घरी यावं, चपला काढाव्यात, आणि आतून आवाज यावा: हा एक राहिला. उभ्या गाडीला लागला तर रन नाही, पण गाडीचा मालक गॅलरीतून बघत असेल तर आउट. पहिला चेंडू ट्राय बॉल, पण तो जर मागितला असेल तरच. ज्याची बॅट त्याला एक जादा संधी, पण बॅट मोडकी असेल तर नाही. त्यांना खात्री होती की एवढे नियम कुठल्याही यंत्राच्या घशात अडकणार.

त्यांना माहीत नव्हतं की हेच माझं पोट भरण्याचं काम आहे. ऑफिसात मी स्टेट सांभाळते. स्टेट म्हणजे ॲपला या घडीला जे जे ठाऊक आहे ते: कोण आत आलंय, कुणी काय निवडलंय, काय अर्धवट राहिलंय. ते बदलण्याचे नियम शेकड्याने असतात, आणि सगळे एकाच जागी कोंबले की वाट लागते. म्हणून प्रत्येक नियमाचं एक छोटं फंक्शन करायचं, आणि अशी फंक्शनं एकमेकांना जोडणारी काही हत्यारं बनवून ठेवायची. आमच्या क्रिकेटला हे अगदी चपखल बसलं. प्रत्येक नियमाला मी दोनच गोष्टी देत होते: या चेंडूआधीचा धावफलक, आणि चेंडूवर काय घडलं ते. नियमाने त्यावरून नवा धावफलक बनवून, आपला निकाल कडेला टिपून, परत द्यायचा. जुन्या धावफलकावर खाडाखोड करायची नाही, हा आमच्या धंद्यातला सोवळ्याचा भाग. आपला नियम लागू होत नसेल तर आलेला धावफलक तसाच पुढे सरकवायचा.

ऑफिसात सगळ्याला इंग्रजी नावं द्यावी लागतात. हे घरचं काम, म्हणून मी हत्यारांना मराठी नावं देऊन हौस भागवली. नियम एकामागून एक ओवायचे त्या हत्याराला 'माळ' म्हटलं. धावफलक एका नियमातून निघून दुसऱ्यात शिरतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटच्यातून जो बाहेर येईल तो खरा. म्हणजे ज्याच्या हातून धावफलक शेवटी जातो त्याचं म्हणणं चालतं. एका हत्याराचं नाव ठेवलं 'लिंबूटिंबू'. खेळात लिंबूटिंबू असलेल्या पोराला कुणी आउट करत नाही. हे हत्यार कुठलाही नियम घ्यायचं आणि त्यातलं आउट करण्याचं विष काढून तो परत द्यायचं. मला ते इतकं आवडलं की मी ते स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, आणि जोडीला हेही सांगितलं की बायकांना एक टप्प्याची जी सवलत आहे तिलाही आता लिंबूटिंबूच वापरते.

आईने गॅस बारीक केला. आई मालवणकडची. एरवी ती आमच्यासारखंच बोलते, पण चिडली की गावाकडे जाते.

"मी लिंबूटिंबू नाय हां," ती म्हणाली. "नियम आसा तो. नियमासारखो लिही."

त्या सवलतीमागे एक गोष्ट होती. लग्नानंतर आई पहिल्यांदा कंपाउंडात खेळायला उतरली, आणि पहिल्याच चेंडूवर एक टप्पा एक हात अशी गेली. अंपायर अर्थात बाबाच. त्यांनी बोट वर केलं. त्यानंतर घरात काय झालं ते मला माहीत नाही, पण पुढच्या रविवारी बाबांनी सगळ्यांना जाहीर करून टाकलं की बायकांना एक टप्प्यावर आउट धरायचं नाही. तेव्हापासून तो नियम. म्हणून मी तो वेगळा, स्वतंत्र फंक्शन करून माळेच्या अगदी शेवटी लावला: एक टप्प्यावर झेललेला चेंडू बाईने मारलेला असेल तर आउट रद्द, रन कायम. आईने येऊन तो वाचला नाही, पण शेवटी आहे का, एवढं विचारून गेली.

बाबांनी सांगितलेला सगळ्यात पहिला नियम मात्र वेगळाच होता. ते म्हणाले होते की एका चेंडूवर दोन नियमांचं भांडण लागलं तर अंपायरचा शब्द शेवटचा. मी म्हटलं, अंपायर नाहीच आहे यंदा. ते म्हणाले, "तू लिही."

मी लिहिला. आणि मुद्दाम सगळ्यांच्या वर, पहिला लावला. बाबा खूश झाले, कारण त्यांच्या मते वर असतं ते मोठं. मी गालातल्या गालात हसले, कारण माझ्या मते पहिला बोलतो तो बिनकामाचा. अजून बाकीचे नियम बोललेच नाहीत तर त्यांचं भांडण लागणार कुठून? असा मी बाबांचा मान राखला आणि दातही काढून घेतले. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

'मागे' नावाचं एक हत्यारही केलं होतं. कुठल्याही चेंडूपर्यंत मागे जाता येत असे. बाबांनी त्यावर चष्म्यावरून बघत विचारलं की म्हणजे दिलेला निर्णय पुसता येतो का. मी सांगितलं, पुसत काहीच नाही, जुना धावफलक तसाच राहतो, आपण फक्त तिथे परत जातो. त्यावर ते म्हणाले की विमा कंपनीत असं असतं तर बरं झालं असतं.

मॅचच्या आदल्या दिवशी दोन्ही विंगांची पोरं सरावाला उतरली तेव्हा मी ॲप लावून बघितलं. सगळं झकास चाललं होतं. मग एकाने चेंडू मारला तो स्कूटरला लागून एक टप्पा पडला आणि दुसऱ्याने एका हाताने उचलला. गाडीला लागल्यामुळे रन नाही हे एक, एक टप्पा झाल्यामुळे आउट हे दुसरं. माझा फोन काही न सांगता गप्प झाला आणि त्यावर अक्षरं उमटली: अंपायरला विचारा.

पोरांनी हसून तो चेंडू परत टाकला. मी मात्र जिन्यात बसून लॅपटॉप उघडला. चूक सापडायला वेळ लागला नाही, आणि सापडल्यावर मी कपाळावर हात मारला. माळ मी गणिताच्या रीतीने लिहिली होती. गणितात एकाच्या पोटात दुसरं फंक्शन घातलं की आतलं आधी चालतं, म्हणजे यादीतलं शेवटचं आधी आणि पहिलं सगळ्यात शेवटी. आणि यादी मी बाबा सांगतील तशी वरून खाली लिहीत गेले होते. त्यामुळे माळ खालून वर चालली होती. बाकीचे नियम सहसा एकमेकांच्या वाटेला जात नव्हते म्हणून ते कळलं नाही. पण ज्या नियमाचे मी दात काढले होते, तो बाबांचा पहिला नियम, सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी बोलायला उभा राहत होता. वर असतं ते मोठं, हेच शेवटी खरं झालं होतं.

दुरुस्ती एका शब्दाची होती. उलट्या माळेऐवजी सुलटी माळ लिहायची, बस्स. मी बोटं कीबोर्डवर ठेवली आणि सहज वर बघितलं. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत दोरीवर बाबांची पांढरी टोपी वाळत होती. कुणीही त्यांना बोलावलेलं नव्हतं, बोलावणारही नव्हतं, आणि या माणसाने टोपी धुतली होती. वर चिमटाही लावला होता, वाऱ्याने पडू नये म्हणून.

मी लॅपटॉप मिटला आणि माळ उलटीच राहू दिली.

रविवारची मॅच बघायला दोन्ही विंगांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. बाबा आमच्या गॅलरीत टोपी घालून बसले होते. ऊन लागतं म्हणे. ऊन तेव्हा बी विंगच्या मागे होतं. मी खाली बाबांच्याच लाल खुर्चीत फोन घेऊन बसले होते, आणि सेक्रेटरी माझ्या खांद्यावरून प्रत्येक चेंडूला फोनमध्ये डोकावत होते. ॲपने तोवर शहाण्यासारखं काम केलं. प्रत्येक निर्णयाला सेक्रेटरी माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवत, जणू ॲप त्यांनीच लिहिलं होतं.

दोन्ही टीममध्ये एक तरी बाई हवीच असा नियम आहे, आणि प्रत्येक कॅप्टन तिला शेवटपर्यंत लपवून ठेवतो. आमच्या कॅप्टनने आईला ठेवलं होतं. पण विकेटा अशा पडल्या की शेवटच्या चेंडूला बॅट आईच्याच हातात आली. जिंकायला एक रन हवी होती. आईने ओढणी कमरेला बांधली. तिच्या पायात सकाळी फिरायला जायचे बूट होते, आणि चेहऱ्यावर बाजारात सुरमई निवडतानाचा भाव होता.

तिने चेंडू पंप हाउसच्या दिशेने ढकलला आणि धावत सुटली. तिथे सेक्रेटरींचा मुलगा उभा होता, ताडासारखा उंच. चेंडू एक टप्पा पडला आणि त्याने तो डाव्या हाताने टिपला. तोवर आई पलीकडच्या टोकाला पोहोचली होती. बी विंग ओरडली आउट, ए विंग ओरडली सवलत, आणि मी फोनमध्ये चेंडू नोंदवला.

अंपायरला विचारा.

सेक्रेटरींनी माझ्या हातातून फोन घेतला. उलटा करून बघितला, जणू मागे उत्तर असेल. मग त्यांनी मला विचारलं की हे काय आहे. मी म्हटलं, "मशिनला विंग नसते, काका. तेच विचारतंय."

सगळ्या माना आमच्या गॅलरीकडे वळल्या. गॅलरी रिकामी होती. बाबा जिन्यातून खाली पोहोचलेसुद्धा होते. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात माझी. ते कंपाउंडाच्या मधोमध येऊन उभे राहिले. त्यांनी पंप हाउसकडे बघितलं, सेक्रेटरींच्या मुलाकडे बघितलं, मग आईकडे. आई बॅटवर रेलून दम खात होती आणि शांत होती. तिला काळजीचं काही कारणच नव्हतं. नियम तिचाच होता, आणि तो करणारा माणूस समोर उभा होता.

बाबांनी बोट वर केलं.

"आउट," ते म्हणाले. "फायनलला सवलत नाही."

असा नियम मी कधी ऐकला नव्हता. ए विंगने कधी ऐकला नव्हता. बी विंगला मात्र तो लगेच आठवला. कुणी म्हणालं अगदी बरोबर, कुणी म्हणालं आमच्या लहानपणापासून आहे. आणि सेक्रेटरी, ज्यांनी वर्षभर बाबांचं नाव घ्यायचं टाळलं होतं, त्यांनी सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली. याला म्हणतात अंपायर, स्वतःच्या बायकोला आउट देतो, असं ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की पलीकडच्या सोसायटीतही ऐकू गेलं असेल. त्यांनी बाबांना खाली बाकावर नेऊन बसवलं. त्यांच्या घरातून चहा आला, आणि बाबांनी तो घेतला.

आईने बॅट भिंतीला टेकवून ठेवली आणि ती वर निघून गेली.

संध्याकाळी घरात चहा झाला तो दोघींपुरता. बाबांनी दोनदा स्वयंपाकघरात डोकावून बघितलं, मग स्वतःच आधण ठेवायला गेले आणि साखर कुठे आहे ते विचारू शकले नाहीत. बिनसाखरेचा चहा घेऊन ते हॉलमध्ये येऊन बसले. मला बाबांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती. शिवाय तो निर्णय त्यांच्या हातात मीच नेऊन दिला होता. मी लॅपटॉप उघडला. मॅच सगळी तशीच होती, चेंडूनचेंडू. मी उलटी माळ काढून सुलटी लावली, 'मागे' वापरून शेवटच्या चेंडूपर्यंत गेले आणि तो परत चालवला. अंपायरचा नियम आधी येऊन गप्प गेला. एक टप्प्याने आउट दिलं. बायकांच्या सवलतीने शेवटी येऊन ते रद्द केलं आणि रन ठेवली. नॉट आउट. ए विंग विजयी.

मी स्क्रीन बाबांकडे वळवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली, एखादा क्लेम वाचावा तशी.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

त्यांनी कडू चहाचा घोट घेतला.

"इतकी वर्षं खरं दिलं, तर पक्षपाती म्हणाले. आज खोटं दिलं, तर मिठी मारली."

हे बोलताना त्यांचा आवाज बदलला. बाबांना माझ्यासमोर असं कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवलं नाही. मी उगाच कीबोर्ड पुसत बसले. वर्षभर त्यांना जे हवं होतं ते दुपारी बाकावर त्यांच्या हातात आलं होतं, आणि आता ते कुठे ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं.

"हे मागे घेता येतं ना?" त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवून विचारलं.

"ॲपमध्ये येतं," मी म्हटलं.

आतून आईचा आवाज आला. ती आमच्याशी बोलत नव्हती, कढईशी बोलत होती, पण मोठ्याने.

"माका आउट दिल्याचा काय नाय. पण नियम माझो होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली आणि मला सोबत चल म्हणाले. मी फोन घेतला. दारातच त्यांनी तो ठेवायला लावला. यंत्राने सांगितलं म्हणून आलो असं व्हायला नको, म्हणाले. कंपाउंड ओलांडून आम्ही बी विंगमध्ये गेलो. सेक्रेटरी दारातच होते, मॅच जिंकून मिळालेला पितळी कप चिंच लावून घासत होते. बाबांना बघून त्यांनी हात धुतले आणि चहा टाकायला सांगितलं. बाबा बसले नाहीत.

ते उभ्यानेच म्हणाले, "काल ती नॉट आउट होती. फायनलला सवलत नाही असा नियमच नाही. तो मी तिथे उभा राहून बनवला. मॅच ए विंगची आहे."

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरून कालची मिठी हळूहळू उतरली. ते आधी बाबांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग कपाकडे. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून बायकोला सांगितलं की चहा राहू दे, आणि म्हणाले, "बघ. मी काय म्हणत होतो? घरचा अंपायर."

कप त्यांनी दिला नाही. त्याला त्यांच्याकडे कारणही होतं. अंपायरचा शब्द शेवटचा हा तुमचाच पहिला नियम, असं त्यांनी ऐकवलं, आणि दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी फिरवता येत नाही. बाबा म्हणाले, बरोबर आहे. मला वाटतं, त्यांना तो मुद्दा मनापासून पटला होता. आम्ही जिना उतरलो. कंपाउंडात झाडूवाला कालच्या मॅचचा चुना झाडत होता. आम्ही घरी पोहोचायच्या आत ही बातमी दोन्ही विंगांत फिरणार आणि बाबा पुन्हा पक्षपाती होणार, तेही या वेळी कायमचे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तरी बाबा गुडघा न दुखणाऱ्या माणसासारखे झरझर चालत होते.

घरी टेबलावर घावणे होते आणि चहा होता. तीन कप. साखर घातलेली आहे हे वासावरून कळत नाही, पण बाबांनी कप उचलायच्या आधीच त्यांना कळल्यासारखं दिसलं. आई समोर येऊन बसली. तिने काय झालं ते विचारलं नाही, काय म्हणाले एवढंच विचारलं.

"घरचा अंपायर म्हणाले," बाबा म्हणाले.

आईने त्यांच्या ताटात घावणा वाढला, वर चटणी घातली, आणि म्हणाली, "मगे? आसातच तुमी."